उपासाची शहतुतं

१ मार्च, शुक्रवार

आले एकदाची. लोधीपुऱ्यातलं हे घर मला पाहताक्षणी आवडलं, आणि मला काही पाहताक्षणी आवडणं ही नोंद करून ठेवण्यासारखीच गोष्ट आहे. मिलच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. चौतीस वर्षं एकाच क्वार्टरमध्ये कागदाच्या लगद्याचा वास घेत काढली. रिटायर झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मॅनेजमेंटचं पत्र आलं, क्वार्टर खाली करा. तेवढ्याशा पत्रात स्पेलिंगच्या चार चुका. लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं आणि सामान बांधायला घेतलं.

मागच्या बाजूच्या दोन खोल्या माझ्या. ओटा स्वच्छ, न्हाणीला उतार नीट, खिडक्यांना जाळी. पुढच्या भागात मालकीणबाई राहतात, गोदाबाई. वय बहात्तर, एकट्या, गळ्यात तुळशीची माळ. कांदा चालतो, पण अंड्याचं नाव काढलं तरी कानाला हात लावतात. मुलगा जीवन शाहपुरला केळी पॅकिंगच्या कामावर आहे, तो आणि सून वैशाली तिकडेच असतात. दोघींच्या मध्ये अंगण, आणि अंगणात एक शहतुताचं झाड. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याला तुती म्हणत. गोदाबाईंचे यजमान मोतीलाल यांनी ते लग्नाच्या वर्षी लावलं. ते गेले, झाड आहे.

टेम्पोवाल्यानं पुस्तकांचं खोकं उलटं ठेवलं तेव्हा मी त्याला 'वर' हा बाण कशासाठी असतो ते समजावून सांगितलं. गोदाबाई दारातून ऐकत होत्या. नंतर चहा आणि वाटीभर दराबा, इथली रव्याची मिठाई, घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "टीचरबाई, किरायानं आल्या, आता घरच्यासारखं राहा. अन मला नका बरं असं रागावू."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

४ मार्च

गोदाबाई सकाळी झाडाखाली जुनं लुगडं पसरतात, बांबूनं फांदी हलवतात, आणि टपटप पडलेली शहतुतं उचलून, एक फुंकर मारून, तोंडात टाकतात. फुंकर! जणू फुंकरीनं जंतू घाबरून पळतात. मी माझा वाटा आत नेऊन नळाखाली चाळणीत दोनदा धुतला. एकदा धुळीसाठी, एकदा समाधानासाठी. त्या दारातून पाहून म्हणाल्या की इतकं धुवाल तर रंगच निघून जाईन, मग काय पांढरं खाता?

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमची नखं रोज तपासायच्या. काळं दिसलं की हात वर धरून सगळ्या वर्गाला दाखवायच्या. क्रूर होतं, पण माझी नखं आजतागायत स्वच्छ आहेत.

फळ मात्र अप्रतिम आहे. बोटं जांभळी होतात, जीभ जांभळी होते. गोदाबाई महाशिवरात्रीच्या उपासाला दिवसभर फक्त हीच खातात. साबुदाणा नाही, भगर नाही, दूधही नाही. एकावन्न वर्षं हा नेम आहे. झाड पहिल्यांदा फळलं तेव्हा मोतीलालनी ओंजळभर आणून दिली होती. झाडानं स्वतःहून दिलेलं, म्हणाल्या, ना चूल ना हत्या. याहून शुद्ध काय असणार?

७ मार्च

माझी जुनी विद्यार्थिनी अर्चना हिनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कोमट पाण्यात मीठ घालून त्यात बेरीची फळं अर्धा तास ठेवा आणि पाहा. अशा व्हिडिओंवर माझा विश्वास नाही, म्हणून करून पाहिलं.

काचेचा वाडगा, दोन चमचे मीठ, वीस शहतुतं. दहा मिनिटं काही नाही. मग एका फळाच्या दाण्यांमधून पांढरा दोरा बाहेर आला. दोऱ्याला टोक होतं, आणि ते टोक इकडेतिकडे वळत होतं. मग दुसऱ्यातून. मग सगळ्यांतून. औषधांच्या बाटल्यांवरचं वाचायला ठेवलेलं भिंग आणलं. अळ्या. तांदळाच्या कणीच्या अर्ध्याएवढ्या, जिवंत, वळवळत तळाशी जमत होत्या.

मी हे चार दिवस खाते आहे. दोनदा धुऊन!

चूळ भरली, पुन्हा भरली. मग संताप आला. झाडाचा, व्हिडिओचा, आणि सगळ्यात जास्त त्या फुंकरीचा. गोदाबाईंना सांगितलंच पाहिजे.

८ मार्च, महाशिवरात्र

सगळं क्रमानं लिहिते.

गोदाबाई देवळातून आल्या, ओट्यावर बसल्या, समोर ताटलीत शहतुतं. उद्या सांगता आलं असतं. उपास सुटल्यावर सांगता आलं असतं. पण मी सकाळी आठ वाजताच वाडग्यात मीठ विरघळवून ठेवलं होतं.

वाडगा त्यांच्यापुढे ठेवला, भिंग हातात दिलं आणि म्हटलं, "पाहा गोदाबाई, हा तुमचा उपास."

हे वाक्य मी मीठ विरघळताना मनात जुळवलं होतं.

त्यांना मोतीबिंदू आहे. भिंग पुढेमागे करत त्यांनी बराच वेळ पाहिलं. तोंडात एक शहतूत होतं. ते त्यांनी गिळलं नाही आणि थुंकलंही नाही. मग हळूच विचारलं, हे जित्ते आहेत का? मी म्हटलं, हो, सगळे. दर सालचे असेच? मी म्हटलं, दर सालचे असेच असणार, माशी फळातच अंडी घालते. शिवाय पोटाला काही होत नाही, उलट प्रोटीन मिळतं.

प्रोटीन म्हटलं मी. माळ घातलेल्या बाईला, शिवरात्रीच्या दिवशी.

त्यांनी तोंडातलं फळ तळहातावर काढलं, ताटलीत ठेवलं आणि आत गेल्या. मी परत येऊन चहा केला. खरं लिहायचं तर, तपासलेली वही परत दिल्यावर वाटतं तसं वाटत होतं.

९ मार्च

गोदाबाईंनी उपास सोडला नाही. चूल थंड आहे. गळ्यातली माळ काढून त्यांनी देवापुढे ठेवली आहे. गळ्यावर माळेच्या जागी फिकट वळ दिसतो, तिकडे पाहवत नाही.

मी म्हटलं, अहो, अजाणता झालं ते, आणि पोटात गेल्यावर मरतातच सगळे. त्यांनी विचारलं, "मरतात? का राहतात?"

मी सायन्स शिकवत नव्हते, पण एवढं मला कळतं. मरतात, असं ठणकावून सांगितलं.

११ मार्च

आज त्या परातीत वांगी, पेरू आणि मटार घेऊन माझ्या दारात आल्या. माझ्याकडे आहे तसाच काचेचा वाडगा विकत आणला आहे. म्हणाल्या, "माझे डोळे गेले. तुमची नजर चांगली. तुम्ही पाहा, अन आहे का नाही ते सांगा."

पाहिलं. पेरूत होत्या. वांग्यात तर असतातच. मटाराच्या एका शेंगेत होती. मी बोट दाखवत गेले, त्या टाकत गेल्या. शेवटी परात रिकामी झाली. या वयात कुणीतरी स्वच्छता शिकलं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तो इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

त्यांनी आज फक्त भाताची पेज घेतली. तीही गाळून.

१४ मार्च

दुपारी गोदाबाईंनी तव्यावरून उतरवलेली ज्वारीची भाकर आणली. वाफ निघत होती. तुकडे करून मिठाच्या पाण्यात टाकले. मला हसू आलं. म्हटलं, बाई, आगीतून निघालेल्या भाकरीत काय राहणार?

मी हसत असतानाच तुकड्याच्या कडेतून पांढरं टोक वर आलं. वळलं. मागे अजून एक.

पीठ मी स्वतः चाळून दिलं होतं. तवा माझ्या डोळ्यांपुढे तापला होता.

"आहे का काही, टीचरबाई?"

मी म्हटलं, काही नाही.

त्या वाडग्याकडे पाहतच नव्हत्या. माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. म्हणाल्या की त्या दिवशी तुमचा आवाज असा नव्हता. भाकर तशीच ठेवून गेल्या. मी वाडगा न्हाणीत ओतला, वरून उकळतं पाणी ओतलं, पुन्हा ओतलं.

१७ मार्च, रविवार

जीवन आणि वैशाली डॉक्टर घेऊन आले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबलं. म्हणाले, आजार काही नाही, अशक्तपणा आहे, पण पोटात अन्न गेलं नाही तर आठवडाभरात शरीर हात टेकेल. सलाईन लावलं. गोदाबाईंनी विचारलं, बाटलीत काय आहे? वैशालीनं भोळेपणानं सांगितलं, मिठाचं पाणी. त्यांनी सुई उपसून काढली. ओरडल्या की मिठाचं पाणी आत गेलं की ते सगळे बाहेर येतील, आधी टीचरबाईला पाहायला बसवा.

नंतर वैशालीनं मला अंगणात गाठलं. "सासूबाई म्हणतात, टीचरबाईनं दाखवलं. काय दाखवलं वं मावशी तुम्ही? एवढ्या शिकलेल्या तुम्ही, अन म्हातारीचं जेवण बंद करून बसल्या!"

मी म्हटलं, फळं कशी धुवायची ते दाखवलं.

हे खोटं नाही. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये लाकडी जाळीच्या खोलीत ख्रिश्चन मुली फादरपुढे चुका कबूल करायला जायच्या आणि हलक्या होऊन यायच्या. आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर बसायचो. मला तेव्हाही वाटायचं की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच.

ते गोदाबाईंना शाहपुरला न्यायला तयार होते. त्या नाही म्हणाल्या. तिथं टीचरबाई नाही, मग पाहील कोण? जीवन जाताना माझ्या पाया पडला. म्हणाला, मावशी, तुम्ही आहात म्हणून बरं आहे.

१८ मार्च

एक मुलगी आठवली. भूमिका, सहावी ब. डब्यात फ्लॉवरची भाजी होती आणि भाजीत अळी. मी तो हिरवा डबा हातात धरून सगळ्या वर्गातून फिरवला. इंग्रजीच्या पुस्तकातला हायजीनचा धडा चालू होता, उदाहरण आयतं मिळालं. पुढची दोन वर्षं तिनं शाळेत डबा उघडला नाही. वार्षिक रिपोर्टवर मी लिहिलं होतं, खाण्याच्या बाबतीत हट्टी.

सव्वीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

२० मार्च

आता पाणीसुद्धा. उकळलेलं, फडक्यातून गाळलेलं, गार केलेलं. त्या काचेचा ग्लास उजेडाकडे धरतात, मला पाहायला सांगतात. मी पाहते. मी म्हणते, काही नाही. त्या दोन घोट घेतात, मला वाईट वाटू नये म्हणून.

ग्लासात असतं.

माझ्या स्वतःच्या ग्लासात मी पाहिलेलं नाही. डोळे मिटून पिते.

२२ मार्च

गोदाबाईंचे पाय सुजले. वैशालीनं फोनवर सांगितलं, गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवा. सगळ्या घरांत करतात. मी घमेलं भरलं. मीठ मीच टाकलं.

पाच मिनिटांनी गोदाबाई म्हणाल्या, गुदगुल्या होतात वं.

मी टॉवेल टाकला घमेल्यावर. पटकन. पण त्याआधी — घोट्याजवळ, सुरकुतीतून — अगदी तसंच वळणारं —

म्हटलं, पाहा, सूज उतरली. हो म्हणाल्या. घमेलं मी झाडाखाली नेऊन ओतलं. माझे हातही त्याच पाण्यात होते. मनगटापर्यंत.

२३ मार्च

आज पाण्याचे दोन घोटही नाहीत. आवाज बसलाय. डोळे मात्र माझ्यावर.

मी सॉरी म्हटलं. मराठीत म्हणता आलं नाही. ती हसली, दात दिसले. "सॉरीनं पोट भरत नाही, टीचरबाई."

मग म्हणाली, तुम्ही खा. झाडावरचं. बिना धुता. माझ्यासमोर. तुम्ही खाल्लं तर मी खाईन.

उद्या म्हटलं मी. उद्या. कशाला म्हटलं —

२४ मार्च

झाडाखाली उभी राहिले. हात वर गेला नाही.

दिवसभर विचारत होती. शेवटी विचारायचीही थांबली. जीवनला फोन केला. उद्या दुपारी गाडी आणतो म्हणाला, दवाखान्यात नेऊ. डॉक्टर फोनवर म्हणाले, तोवर दोन घास गेले पाहिजेत, नाहीतर रस्त्यातच —

मी काय केलं ते त्याला सांगितलं नाही. आजही.

२५ मार्च, सकाळी दहा

वही मांडीवर आहे. तिची अट. खाता खाता लिहायचं, दिसेल तसं. माझं बोललेलं आता तिला पटत नाही. लिहिलेलं मात्र टीचर खोटं लिहिणार नाही, म्हणते.

गल्लीत रंग, पिचकाऱ्या, आरडाओरड. दार लावलंय. मी तिच्या खाटेवर.

ओंजळभर आणली. धुतली नाहीत. फुंकरही नाही.

एक खाल्लं. गोड आहे. देवा, किती गोड.

दुसरं. ती माझा गळा पाहते आहे, खाली जातंय का. गेलं. तिसरं.

हात पुढे केला तिनं! घेतलं. तोंडात. चावतेय — गिळत नाही — भिंग माझ्या हातात देतेय. आधी पाहा, म्हणते. मग गिळीन.

तोंड उघडलं. मी वाकले.

जिभेवर जांभळा रस, चावलेलं फळ. जिभेखाली —

ते फळातले नाहीत. फळ वर आहे. ते खालून, कधीचे —

विचारतेय. आहे का काही? डोळ्यांनी विचारतेय.

खरं लिहायचं ठरलंय. खरं बोलायचं ठरलेलं नाही.

म्हटलं, काही नाही, गोदाबाई. खा तुम्ही.

गिळलं. गिळलं तिनं! अजून मागतेय. देतेय मी. खातेय. मी रडतेय, अक्षर बिघडलं. ती माझा गाल पुसतेय, जांभळ्या बोटांनी. म्हणते, आता तुम्ही तोंड उघडा. माझं तुम्ही पाहिलं, तुमचं कोण पाहील वं?

भिंग तिच्या हातात. माझं तोंड उघडं, लिहितेय —

पाहतेय. खूप वेळ. तिचा हात थांबला.

म्हणाली, काही नाही, टीचरबाई.

माझाच आवाज. चौदा तारखेला मी ज्या आवाजात — तसाच, मायेनं, मला वाईट वाटू नये म्हणून —

गोदाबाई, खरं सांगा. खरं —

परत म्हणाली, काही नाही, खा. पण माझ्या गालाच्या आतून काहीतरी सर